रेंज फुल, तरी नेट बंद? घोडं कुठं अडलंय ते असं ओळखा

मोबाईलवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या असतात, तरी सातबारा उघडत नाही. पीकविमा भरायच्या शेवटच्या दिवशी केंद्रावर 'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या' असं ऐकून शेतकरी माघारी फिरतो आणि उद्या मुदत संपलेली असते. दोष मोबाईलचा, कंपनीचा, गावातल्या वायरचा की त्या वेबसाइटचा, हे कळलं तर निदान योग्य ठिकाणी तक्रार तरी करता येते. त्यासाठी नेटवर्कचे मोजके शब्द माहीत असले तरी पुरे.

दोन किंवा जास्त यंत्रं एकमेकांना जोडली की नेटवर्क तयार होतं. पोराच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर वडिलांचा मोबाईल जोडला, तर तेही नेटवर्कच. अशी जगभरातली लाखो नेटवर्कं एकमेकांना जोडलेली आहेत, त्या सगळ्या जाळ्याला इंटरनेट म्हणतात. धरणाचं पाणी मुख्य कालव्यातून वितरिकेत, तिथून चारीत आणि शेवटी वावरात येतं, तशीच माहिती टप्प्याटप्प्यानं मोबाईलपर्यंत येते. फरक एवढाच, की इथं प्रवाह दोन्ही बाजूंनी चालतो. आपल्याकडं येतं ते डाऊनलोड, आपण पाठवतो ते अपलोड. मोबाईलवर अपलोडचा वेग बहुतेक वेळा कमीच असतो. म्हणून व्हिडिओ नीट दिसतो, पण अर्जाला जोडलेला फोटो चढता चढत नाही.

आता रेंजच्या काड्या. त्या फक्त मोबाईल आणि टॉवर यांच्यातला सिग्नल दाखवतात. टॉवरच्या पुढचा रस्ता केबलमधून किंवा डिशवरून जातो, त्याचं काड्यांना काही माहीत नसतं. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली, तर काड्या भरलेल्याच दिसतील आणि नेट मात्र शून्य. चारी वावराच्या बांधापर्यंत चांगली आहे, पण वर कालवाच फुटलाय, असा तो प्रकार. शिवाय एका टॉवरची क्षमता ठरलेली असते. बाजाराच्या दिवशी किंवा यात्रेत हजारो मोबाईल एकाच टॉवरवर आले, की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडंच येतं.

वायफायचंही तसंच आहे. वायफाय जोडलं गेलं म्हणजे मोबाईल राऊटरला जोडला गेला, एवढंच. राऊटर म्हणजे आलेलं नेट घरातल्या सगळ्या मोबाईलना वाटून देणारी पेटी. तिच्यापर्यंत नेट आलंय की नाही, हा वेगळा प्रश्न. बऱ्याच पेट्यांवर दोन नावं दिसतात. 2.4 गीगाहर्ट्झचं वायफाय लांब पोचतं आणि भिंतीतूनही बरं जातं, 5 गीगाहर्ट्झचं वेगवान पण जवळच्या जवळ. मागच्या खोलीत किंवा गोठ्यात बसून काम करायचं असेल, तर पहिलंच बरं.

ग्रामपंचायतीत किंवा घरात फायबरची जोडणी असेल, तर केसाएवढ्या काचेच्या तारेतून उजेडाच्या रूपात माहिती येते. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची केंद्राची योजना 2011 साली मंजूर झाली, ती पुढं भारतनेट झाली. महाराष्ट्रात तिचंच काम महानेट नावानंही झालं. फायबरच्या पेटीवर 'एलओएस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला, की उजेड पेटीपर्यंत येतच नाहीये. पेटी बंद-चालू करून बघायला हरकत नाही, पण दिवा लालच राहिला तर केबल कुठंतरी तुटली, निसटली किंवा जास्त वाकली, असं समजून कंपनीला कळवावं. ही तार खिळ्याला गुंडाळून ठेवणं किंवा घट्ट गाठ मारणं म्हणजे बिघाडाला आमंत्रणच.

वेगाच्या हिशेबात तर भले भले फसतात. जाहिरातीतलं 40 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 40 एमबी नव्हे, 5 एमबी. वेग बिटमध्ये सांगतात, फाइल बाइटमध्ये मोजतात आणि 8 बिटांचा एक बाइट होतो. रिचार्जचा रोजचा डेटा संपला, की अनेक प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम 8 केबी. दोन एमबीचा एक फोटो पाठवायला चार मिनिटांच्या वर लागतात, तेवढ्यात वेबसाइट वाट बघून थांबते. साधा मेसेज मात्र जातो, काड्याही भरलेल्या असतात. 'नेट बंद आहे' म्हणून ओरड होते, त्यातलं बरंचसं दुखणं इथंच असतं. आधी शिल्लक डेटा बघावा.

शेतात जागा दाखवणारं जीपीएस मात्र इंटरनेटवर अवलंबून नाही. ते उपग्रहाचे संकेत पकडतं. रेंज नसलेल्या शिवारातही मोकळ्या आभाळाखाली ते चालतं, फक्त जागा सापडायला वेळ जास्त लागू शकतो.

आता सर्व्हर. वेबसाइटची माहिती साठवून ती मागणाऱ्याला देणारा, सदा चालू असणारा कॉम्प्युटर म्हणजे सर्व्हर. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी एकदम दार ठोठावलं की तो दमतो. तो खरंच डाऊन आहे का, हे बघायला दुसऱ्या दोन-तीन वेबसाइट उघडाव्यात. त्या उघडल्या आणि हवी तीच उघडली नाही, तर अडचण बहुधा तिकडं आहे. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, तालुक्याला तक्रार देताना कामी येतो.

प्रत्येक सर्व्हरला आकड्यांचा पत्ता असतो, त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. आकडे कोण लक्षात ठेवणार, म्हणून वेबसाइटला नाव देतात. नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस, मोबाईलमधल्या कॉन्टॅक्ट यादीसारखी.

फसवणूक होते ती या नावातच. पत्त्याशेजारचं कुलूप दिसलं की लोक निर्धास्त होतात. कुलपाचा अर्थ एवढाच, की वाटेत कुणी माहिती वाचू शकत नाही. पलीकडं बसलेला साव आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. चोराच्या वेबसाइटलाही कुलूप असतं. सरकारी वेबसाइटचं नाव बहुतेक 'डॉट जीओव्ही डॉट इन'नं संपतं. 'जीओव्ही' ही अक्षरं नावाच्या मध्ये कुणीही घालू शकतो, म्हणून पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवट वाचावा. अनुदानाच्या नावाखाली आलेल्या लिंकवर ओटीपी किंवा पैसे गेलेच, तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही लगेच कळवावं. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली, तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त असते.