नागपाड्यात सुरू झालेला अभ्यास

मागच्या व्याख्यानात आपण १९१२ चा ल्युनसी ॲक्ट पाहिला. उंच भिंत, बंद दार आणि आत डॉक्टर, असा तो सगळा मामला होता. आज आपण त्या भिंतीबाहेर येऊ. मनाच्या आजाराला घर असतं, नोकरी असते, शेजार असतो. हा अभ्यास आपल्याकडे शिकवायला सुरुवात झाली ती मुंबईच्या नागपाड्यातून.

१९३६ साली तिथे सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं. पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे. नागपाडा नेबरहूड हाऊस हे वस्तीतलं केंद्र ते आधीपासून चालवत होते, आणि वर्ग भरले तेही तिथेच. म्हणजे बघा, खिडकीबाहेर जे दिसतंय तेच शिकायचं! दुसऱ्याच वर्षी संस्थेनं बालमार्गदर्शन केंद्र काढलं. अशा केंद्रांची रीत ठरलेली असते: मुलाला तपासायला डॉक्टर, चाचण्या घ्यायला मानसशास्त्रज्ञ आणि घरी जाऊन आईबापांशी बोलायला समाजकार्यकर्ता. या तिसऱ्या माणसाकडे आपल्या इतिहासकारांचं फारसं लक्ष गेलेलं नाही.

१९४४ मध्ये संस्थेचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं. पुढे १९४८ च्या सुमारास गौरी राणी बॅनर्जी यांनी तिथे वैद्यकीय व मनोविकार समाजकार्याचं शिक्षण उभं केलं. अभिमत विद्यापीठाचा दर्जा आला तो थेट १९६४ ला. विषय आधी, विद्यापीठ नंतर.

त्याच काळात, पन्नासच्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहायला बोलावलं. नागपाड्यात कार्यकर्ता घरी जात होता. इथे घरच रुग्णालयात आलं. आम्हाला हे दोन प्रयोग एकाच विचाराचे वाटतात.

आता कायद्याकडे या. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्या केली: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामासह. चला, ऐंशी वर्षांनी का होईना, तिसऱ्या माणसाला कागदावर जागा मिळाली. पण २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली! कायदा जी पदवी मागतो ती विद्यापीठानं द्यायचीच नाही, असा पेच झाला. मग आयोगानं या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली.

हा नुसता कागदी घोळ नाही बरं का. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही आपली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. बरं झालेल्या माणसाला घरच्यांनी न्यायलाच यायचं नाही, हे तिथलं जुनं दुखणं. डॉक्टर औषध लिहून देतो. पण गावचा पत्ता शोधून, भावाच्या ओसरीवर बसून, त्याची भीती ऐकून घेणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, आणि ते वर्गात बसून येत नाही.

पुढच्या वेळी आपण बंगळूरला जाऊ. तिथे १९५४ मध्ये मानसिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था उभी राहिली.