जळालेले गाव पुन्हा उभे राहताना

मंदिराचा जीर्णोद्धार आपण वर्गणी, श्रमदान व एकजूट यांच्या बळावर पुरा केला. त्या निमित्ताने, वणव्यात सबंध गाव गमावलेल्या लोकांनी ते पुन्हा कसे उभारावयास घेतले, त्याची हकीकत ग्रामस्थ व देणगीदार बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांपैकी माउई बेटावर लाहैना हे गाव आहे. १८४५ पर्यंत ते हवाईच्या राजांची राजधानी होते. पुढे भोवताली उसाचे मळे झाले. १९९९ साली तेथील साखर कारखाना बंद पडला, मळे ओस पडले व त्यांत परदेशी गवत माजले. ८ ऑगस्ट २०२३ रोजी सोसाट्याच्या वाऱ्यात विजेच्या तारा तुटल्या व गवत पेटले. सकाळी विझलीशी वाटलेली आग दुपारी पुन्हा भडकली. १०२ माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक इमारती गेल्या. १८२३ साली स्थापन झालेले वायोला चर्च आणि जपानी बौद्धांचे मंदिर, दोन्ही जळाली. मंदिराच्या आवारातील बुद्धमूर्ती मात्र वाचली.

पहिल्या दिवसांत शेजारच्या लोकांनी होड्यांतून पाणी, अन्न व इंधन पोचविले. बेघर कुटुंबांची सोय हॉटेलांच्या खोल्यांत झाली. ओप्रा विन्फ्रे व ड्वेन जॉन्सन या कलावंतांनी १ कोटी डॉलर घालून निधी सुरू केला. त्यातून प्रत्येक बेघर प्रौढास दरमहा १२०० डॉलर रोख मिळू लागले. कोणास औषध हवे, कोणास हप्ता भरावयाचा. रोख रकमेने ज्याची त्याची गरज भागते. विषारी राख व मलबा लष्कराच्या अभियंत्यांनी उपसला. ऑगस्ट २०२४ पर्यंत घरांच्या जागा मोकळ्या झाल्या.

परंतु खरा धोका निराळाच होता. राख निवते न निवते तोच जमिनीचे दलाल जळीतग्रस्तांना विचारू लागले. राज्यपाल जोश ग्रीन यांनी जाहीर इशारा दिला. गावकऱ्यांनी जमीन न्यास स्थापला. ज्याला विकणे भागच आहे त्याची जागा न्यासाने घ्यावी व ती गावातच राहावी, हा हेतू. सातबाऱ्यावरचे नाव एकदा बदलले की ते परत लागणे किती कठीण, हे कचेरीत काम करणाऱ्यास ठाऊक असते. निवारा व हाती पैसा असला तरच माणूस जमीन राखू शकतो. म्हणून मदत पहिल्या आठवड्यापुरती न ठेवता वर्षदोन वर्षे चालवावी लागते.

लाहैनाच्या चौकात एक वड आहे. तो भारतातून नेलेला, २४ एप्रिल १८७३ रोजी लावलेला. तोही होरपळला. लोकांनी टँकरने पाणी घातले, मुळांना खत दिले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याला पालवी फुटली. पुढे मेलेल्या फांद्या छाटाव्या लागल्या, पण झाड जगले.

आपल्या डोंगरालाही उन्हाळ्यात वणवा लागतोच. गवत वाळताच जाळरेषा काढाव्यात, घराजमिनीच्या कागदांच्या नकला दुसऱ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि देवळासाठी जमलेली ही एकजूट आपद्‌ग्रस्त शेजाऱ्यासाठीही उभी राहावी, एवढीच ग्रामदेवतेच्या चरणी प्रार्थना.