व्हिडिओ टाकतो, पण करतो काय?

माझ्या मावसबहिणीचा मुलगा ट्रॅक्टर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त कशा करायच्या याचे व्हिडिओ बनवतो. सध्या त्याच्यासाठी स्थळं बघणं चाललंय. परवा एका मुलीच्या काकांचा फोन आला. ‘मुलगा करतो काय?’ ताई म्हणाली, ‘यूट्यूबवर व्हिडिओ टाकतो.’ पलीकडे जरा शांतता. मग, ‘हां, ते कळलं. पण करतो काय?’

दोष काकांचा नाही, क्रियापदाचा आहे. मराठीत माणूस दुकान टाकतो, हॉटेल टाकतो, तेव्हा त्यात भांडवल दिसतं, हिंमत दिसते. पण एखादा पोरगा पहाटे सायकलवरून पेपर टाकतो, तेव्हा ते शिक्षण संपेपर्यंतचं किरकोळ काम असतं. ‘व्हिडिओ टाकतो’ हे कानात शिरलं की थेट पेपरच्या गठ्ठ्याशेजारी जाऊन पडतं. ताई ‘त्यानं चॅनेल काढलंय’ म्हणाली असती, तर काकांचा पुढचा प्रश्न बहुधा उत्पन्नाचा असता. आपल्याकडे शाळा काढतात, मासिक काढतात, कारखाना काढतात. (कर्जही काढतात, पण ते फोनवर सांगत नाहीत.)

काकांना ऐकायचा होता तो शब्द ‘नोकरी’. तो आपल्याकडे फारसीतून आला, आणि फारसीत मंगोलांकडून. मंगोल भाषेत ‘नोकोर’ म्हणजे साथीदार. चंगीझखानाच्या भोवती स्वतःची टोळी, घरदार सोडून जमलेले घोडेस्वार होते, ते त्याचे नोकोर. उद्या लूट मिळेल की मरण, याची खात्री नसलेली ही माणसं. त्यांच्या नावावरून आपण आज ज्याला ‘नोकरी’ म्हणतो, ते पेन्शनसकट सुरक्षित असलेलं काम! ‘पगार’ पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेत ‘पागार’ म्हणजे नुसतं पैसे देणं. महिन्याच्या एक तारखेचा त्यात मागमूस नाही.

‘करिअर’ तर आणखी मजेशीर. लॅटिन ‘कार्रुस’ म्हणजे चाकांची गाडी, तिच्यावरून गाडीचा रस्ता, आणि पुढे घोडे भरधाव सोडायचं मैदान. दारातली कार त्याच घराण्यातली. आयुष्यभराचा पेशा हा अर्थ इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात रुळला. ‘यात करिअर आहे का?’ या प्रश्नाच्या तळाशी ‘रस्ता आधी कुणी करून ठेवलाय का?’ हाच प्रश्न आहे.

मला मात्र या मुलाच्या कामाकडे बघताना वेगळाच शब्द आठवतो, रतीब. दुधाचा रतीब आपल्या ओळखीचा. पाऊस असो, घरात लग्न असो, गवळी सहाला दारात. मूळ अरबी ‘रातिब’ म्हणजे ठरलेलं, नेमाचं. फारसीमार्गे तो दख्खनेत आला आणि घोड्याच्या रोजच्या ठरलेल्या दाण्यालाही रतीब म्हणू लागले. गंमत अशी, की आजच्या अरबीत ‘रातिब’ म्हणजे चक्क पगार. दुबईला नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाला महिनाअखेरीस रातिब मिळतो आणि त्याची आई इकडे दुधाचा रतीब लावते. एकाच शब्दाची दोन टोकं, एक घेणाऱ्याचं, एक घालणाऱ्याचं. व्हिडिओवाल्याची सगळी अडचण या दोन टोकांमध्ये आहे. त्याला रतीब मराठी अर्थानं घालावा लागतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी व्हिडिओ नाही पडला, तर बघणारे दुसऱ्या गवळ्याकडे जातात. पण अरबी अर्थाचा रातिब काही ठरलेला नाही. जाहिरातींच्या पैशांत वाटा हवा तर हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तास बघितलं गेलेलं असायला हवं, असा नियम यूट्यूबनं 2018 साली केला. ते गाठल्यावरही एका महिन्यात मोटारसायकलचा हप्ता निघतो, तर दुसऱ्या महिन्यात फक्त मोबाइलचा रिचार्ज.

मग हे अगदीच नवीन काहीतरी आहे का? नाही, आणि इथं ताईला आवडणार नाही असा शब्द काढावा लागतो. तमाशा. त्याचा अरबी धातू चालण्याचा आहे. फारसीत सोबतीनं फिरायला जाणं आणि फिरताना बघणं असा अर्थ झाला, पुढे नुसतं बघणं. इराणी माणूस आजही टीव्ही बघतो तेव्हा तो टीव्हीचा ‘तमाशा’ करतो. म्हणजे ‘व्ह्यू’ला आपल्याकडे चारशे वर्षांचा शब्द आहे, फक्त आपण त्याचा अर्थ घरातल्या भांडणापर्यंत खाली आणला.

बाकीचा व्यवहारही जसाच्या तसा. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे जत्रेचे पुढारी येतात आणि फडमालक त्यांची सुपारी घेतात. कंपनीनं आपल्या पान्याची तारीफ करायला भाच्याला पैसे दिले, ती सुपारीच. आणि संगीतबारीतली दौलतजादा आठवा. प्रेक्षकातला कुणी नोट पुढे करतो, त्याचं नाव सगळ्यांसमोर पुकारलं जातं, त्याच्या फर्माइशीची लावणी होते. ‘दौलत ज्यादा’, तुमची दौलत वाढो, या दुव्यावरून हा शब्द. यूट्यूबवर थेट प्रक्षेपणात लोक पैसे पाठवतात, त्यांचं नाव रंगीत पट्टीवर झळकतं आणि समोरचा ते मोठ्यानं वाचून आभार मानतो. त्याला सुपरचॅट म्हणतात. फरक इतकाच, की संगीतबारीत नाचणारीच्या वाट्याला पैशाबरोबर जी बदनामी येई, ती सुपरचॅट घेणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. त्याला फक्त स्थळं येत नाहीत.

सरकारची शंका फिटलेली दिसते. 2025-26 या करनिर्धारण वर्षापासून आयकर विवरणपत्रात सोशल मीडिया इन्फ्लुएन्सरसाठी वेगळा क्रमांक आला आहे, 16021. कर घ्यायचा म्हटलं की पेशा खरा ठरायला वेळ लागत नाही.

लोकांचं तसं नसतं. दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ करत होते, 1913च्या आधीची गोष्ट, तेव्हा सिनेमात काम करतो म्हणणं कमीपणाचं. तारामती व्हायला बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवलं होतं, की कुणी विचारलं तर म्हणायचं, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे.

काल ताईनं बायोडेटा नव्यानं टाइप करून पाठवला. ‘नोकरी/व्यवसाय’ या रकान्यात आता लिहिलंय : ‘कृषी यंत्रसामग्री (स्वतंत्र)’. मी काही बोललो नाही. तसं पाहिलं तर ‘व्यवसाय’ या शब्दाचा संस्कृतातला अर्थ निश्चय असा आहे, गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही तोच. पण ते काकांना फोनवर कोण सांगणार?