नुसतं बघत बसणं

"काय नुसता टीव्ही बघत बसता!" हे वाक्य कधीच ऐकू आलं नाही असं घर महाराष्ट्रात सापडणं कठीण. त्यातला 'नुसता' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्याकडे टीव्ही आला तो नुसता बघत बसण्यासाठी नव्हताच मुळी!

१५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं ते शिक्षण आणि समाजप्रबोधनासाठी. १९६७ मध्ये शेतकऱ्यांसाठी 'कृषिदर्शन' आलं. १९७५-७६ मध्ये तर अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही संच बसवले (आपला महाराष्ट्र त्या सहांत नव्हता). आरोग्य, शेती, कुटुंबनियोजन असे विषय. थोडक्यात, हजारो गावांत एकाच वेळी तास घेणारा मास्तर सरकारला हवा होता.

मी स्वतः जन्मभर तास घेतले, म्हणून पुढे जे झालं त्याची मला भारी गंमत वाटते. वर्गाने मास्तरांनाच गुंडाळलं!

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्यालाही दिसू लागलं. 'आमची माती, आमची माणसं' हा कार्यक्रम शेतकऱ्यांचा, पण संच बहुतेक शहरात. ज्यांच्याकडे तुळशीच्या कुंडीपलीकडे माती नव्हती अशी माणसंही पिकावरच्या किडीची माहिती मन लावून बघत. शिकायला? छे! समोर काहीतरी हलत होतं आणि आपल्याला काही करायचं नव्हतं, म्हणून. मध्येच प्रक्षेपण बंद पडलं की 'व्यत्यय' अशी पाटी यायची. तीसुद्धा आम्ही बघत बसायचो...

७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली ती मेक्सिकोतल्या बोधप्रद मालिकांवरून. कुटुंबनियोजनाचा संदेश द्यायचा होता. लोकांना उपदेश रुचेना, तेव्हा तो पातळ करावा लागला. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगत तेवढे चालले. बाकी लोकांनी बडकी, छुटकी, नन्हे यांना घरातलं मानलं आणि धडा सोडून दिला.

या बघत बसण्याला आळस म्हणून बरीच नावं ठेवली गेली. मला ते तितकंसं पटत नाही. त्या काळच्या घरातली बाई आठवून बघा. पहाटेपासून जो तो तिच्याकडे काहीतरी मागणार. डबा, चहा, पंचा, सुटे पैसे. रेडिओ ऐकताना तिचे हात कामातच असत. पुस्तक वाचायचं तर तेही लक्ष मागतं. टीव्ही काहीच मागत नव्हता, आणि तो बघायचा तर निदान बसावं लागे! (मांडीवर निवडायच्या शेंगा असत, ती गोष्ट वेगळी.) घरातल्या पुरुषांच्या बरोबरीने, बाहेरच्या खोलीत, भरल्या घरात ती बसली. काय बघायचं हेही तिला ठरवावं लागत नव्हतं, कारण वाहिनी एकच. दिवसभर 'आज भाजी काय करू?' हा प्रश्न सोडवणाऱ्या बाईला हे केवढं सुख असेल!

आणि रात्री प्रक्षेपण संपायचं. मग उठावंच लागे.

२ ऑक्टोबर १९९२ ला, मुंबई केंद्राला बरोबर २० वर्षं झाली त्या दिवशी, झी टीव्ही सुरू झाला. केबल आली, रिमोट आला आणि तो कुणाच्या हातात असावा यावरून घरोघरी भांडणं सुरू झाली. बायकांच्या वाट्याला तो आला तो पुढे, रोजच्या मालिकांच्या वेळेपुरता. मास्तर तर केव्हाच निवृत्त झाले होते, आता तास संपल्याची घंटाही गेली. मोबाइलवर एक संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं.

असो. तुमच्या घरी पहिला टीव्ही आला तेव्हा आई कुठे बसायची? खुर्चीवर, पाटावर, की स्वयंपाकघराच्या दारात उभी? आठवत असेल तर जरूर कळवा.