साडेपंचेचाळीस मिलिमीटरची गोष्ट

अनेक घरांत, क्वचित शाळेच्या प्रयोगशाळेतही, फिल्मवर चालणारा एखादा जुना कॅमेरा पडून असतो. फिल्म सहज मिळत नाही, ती धुऊन देणारे स्टुडिओही राहिले नाहीत. साहजिकच तो भंगारात निघतो. पण त्याच्या पुढचे भिंग भंगार नव्हे. ते आजच्या डिजिटल कॅमेऱ्याला लावता येते. कोणते भिंग कोणत्या कॅमेऱ्याला चालेल, हे मात्र एका लहानशा अंतरावर अवलंबून असते.

बाबूराव पेंटर आणि त्यांचे सहकारी दामले यांनी १९१८च्या सुमारास कोल्हापुरात चित्रपटाचा कॅमेरा तयार केला. कॅमेऱ्याची बॉडी घडवायला लेथ आणि कुशल हात पुरतात. भिंगाला निर्दोष प्रकाशीय काच लागते, आणि ती भारतात कलकत्त्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत तयार होऊ लागली ती १९६०च्या दशकात! म्हणून बॉडी जुनी झाली तरी भिंग टाकून देणे जिवावर येते.

आता ते अंतर पाहू. ज्या कॅमेऱ्यात भिंगातूनच दृश्य पाहता येते, त्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये तिरपा आरसा असतो. चित्र घेताना तो वर उचलला जातो. त्याच्या हालचालीला जागा हवी, म्हणून भिंग फिल्मपासून दूर बसवावे लागते. १९४९ साली ड्रेस्डेनच्या काँटॅक्स एस कॅमेऱ्यात भिंगासाठी ४२ मि.मी. व्यासाचे आटे आले. आट्यांच्या कडेपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मि.मी. होते. प्राक्टिका, पेंटॅक्स, रशियन झेनिट यांनी हेच आटे वापरले. निकॉनने १९५९मध्ये स्वतःची बैठक काढली, तिचे अंतर ४६.५ मि.मी.

फरक जेमतेम १.०४ मि.मी.चा. एवढ्याने काय बिघडते? वज्रेश्वरीचे देऊळ घेऊ. वसईच्या १७३९च्या विजयानंतर चिमाजी अप्पांच्या नवसाचे म्हणून ते ओळखले जाते. देऊळ टेकडीवर आहे, खालून पायऱ्या चढून जावे लागते. समजा, पायथ्याशी उभे राहून आपण झेनिटचे ५८ मि.मी. नाभीय अंतराचे हेलिऑस भिंग निकॉनच्या बॉडीवर धरले. भिंग अनंत अंतरावर लावले, तरी ते हवे त्यापेक्षा १.०४ मि.मी. पुढेच राहणार. भिंगसूत्रात प्रतिमेचे अंतर ५८ ऐवजी ५९.०४ मि.मी. घातले, की वस्तूचे अंतर सुमारे ३.३ मीटर येते. म्हणजे समोरच्या पायऱ्या रेखीव, आणि वरचा नगारखाना धूसर! नववी-दहावीच्या वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे.

कॅननची गंमत वेगळीच. १९८७मध्ये कंपनीने ४४ मि.मी.ची नवी बैठक आणली आणि तिच्या स्वतःच्याच एफडी भिंगांना (४२ मि.मी.) घर उरले नाही.

२००८ साली पॅनासॉनिकने अदलाबदलीच्या भिंगांचा कॅमेरा आरशाशिवाय बाजारात आणला. आरसा गेला, तशी त्याच्यासाठी राखलेली जागाही गेली. सोनीच्या अशा कॅमेऱ्यात हे अंतर १८ मि.मी. आहे. मधले २७.४६ मि.मी. भरून काढायला काचेविना, दोन्ही टोकांना योग्य बैठक असलेली पोकळ नळी पुरते. एफडी भिंगेही अशीच पुन्हा कामाला लागली. फोकस आणि छिद्र मात्र हाताने लावावे लागते. शिकवताना ही सोयच म्हणायची.

जुने भिंग घेताना ते उजेडासमोर धरून पाहावे. वज्रेश्वरीच्या तानसा खोऱ्यासारख्या दमट भागात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. ती लेप खाते, आणि तो डाग पुसून जात नाही. भिंग सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डब्यात ठेवलेले बरे.

काही जुन्या भिंगांची काच पिवळी पडलेली दिसते. पेंटॅक्सच्या ५० मि.मी. टाकुमार भिंगांपैकी काहींमध्ये अपवर्तनांक वाढवण्यासाठी थोरियमयुक्त काच वापरली होती. किरणोत्सर्गाने तिला रंग चढतो, आणि ऊन किंवा अतिनील प्रकाश काही दिवस मिळाला की तो उतरतो. अशी काच फोडू किंवा घासू नये. उन्हात ठेवताना भिंगाच्या मागे ॲल्युमिनियमचा कागद लावावा, नाहीतर ते टेबलाचे लाकूड जाळील.