अखेरच्या दुखण्यातली सेवा : वांद्र्यापासून गोंदियापर्यंत

आजार बरा होणार नाही हे स्पष्ट झाल्यावरही रोग्याची वेदना, जखम, झोप, जेवण आणि मन सांभाळणे आणि त्याच्या घरच्यांना हे काम शिकवून त्यांच्या पाठीशी उभे राहणे, याला परिहारक सेवा म्हणतात. अशा रोग्यांना ठेवून घेणारी संस्था म्हणजे हॉस्पिस. ही सेवा महाराष्ट्रात संस्थेच्या रूपाने आली ती १९८६ मध्ये. असाध्य रोग्याची सेवा मात्र विदर्भाला त्याआधीपासून ठाऊक होती. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरचे कुष्ठधाम सुरू केले, सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा स्वतः केली आणि १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन केली. पण ही सेवा समाजाने घराबाहेर काढलेल्यांची होती. कॅन्सरचा रोगी घरातच असे आणि त्याचे कण्हणे घरच्यांखेरीज कुणी ऐकत नसे.

आधुनिक हॉस्पिसची घडी सिसिली साँडर्स यांनी घालून दिली. आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर अशा तिन्ही भूमिका त्यांनी केल्या होत्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडले. वेदना उसळल्यावर औषध देण्याऐवजी ती परतण्याआधीच, घड्याळ लावून मॉर्फिन हे अफूपासून बनणारे वेदनाशामक द्यावे, ही त्यांची पद्धत. दुखणे केवळ शरीराचे नसते; त्यात पैशाची चिंता, मागे राहणाऱ्यांची काळजी आणि देवाशी चाललेले भांडणही असते, हे त्यांनी ठासून मांडले.

भारतातील पहिले हॉस्पिस मुंबईत निघाले. टाटा स्मारक रुग्णालयातील कॅन्सर शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसूझा यांनी वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, शांती आवेदना सदन उभारले. तिथे होली क्रॉस संघाच्या भगिनी रोग्यांची सेवा करतात आणि त्यासाठी पैसे घेतले जात नाहीत. पुढे गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही या संस्थेची केंद्रे झाली. पुण्यात वारजे येथे १९९७ मध्ये सिप्ला या औषध कंपनीचे परिहारक सेवा केंद्र सुरू झाले. तिथे रोग्यासोबत नातेवाईकालाही राहता येते, आणि घरी परतण्याआधी काळजी कशी घ्यायची हे तो शिकून घेतो. नागपुरात स्नेहांचल ही संस्था अखेरच्या टप्प्यातील कॅन्सर रोग्यांना विनामूल्य सांभाळते.

वाट अडली ती औषधापाशी. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात शिक्षा इतक्या कडक आणि परवाने इतके किचकट होते की औषध दुकानांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. देशातील त्याचा वैद्यकीय वापर पुढच्या बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. मध्य प्रदेशातील नीमच-मंदसौरच्या शेतात सरकारी परवान्याने अफू पिकत होती, आणि देशातला रोगी वेदनेने तळमळत होता. याला क्रूरपणाच म्हणावे लागेल, मग तो कुणाच्या मनात नसला तरी. २०१४ च्या दुरुस्तीने राज्याराज्यांतील निरनिराळ्या परवान्यांऐवजी देशभर एकच नियम आणला.

दरम्यान केरळने वेगळा मार्ग धरला. कालिकतला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशामक सेवेची संस्था काढली. पुढे गावोगावचे स्वयंसेवक आणि परिचारिका रोग्याच्या घरी जाऊ लागल्या, आणि २००८ मध्ये त्या राज्याने परिहारक सेवेचे धोरणच जाहीर केले. महाराष्ट्राचे धोरण २०१२ चे.

गोंदियाच्या उपयोगी पडेल तो केरळचाच मार्ग. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा, तेंदूपानाचा आणि बिडीचा. तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात धरण्याची सवय इथे खोलवर रुजलेली आहे, आणि तोंडाचा कॅन्सर तिच्या मागोमाग येतो. उपचारासाठी लोक नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयाकडे जातात. गोंदियाहून रेल्वेने ते अंतर सुमारे १३० किलोमीटर. देवरी किंवा सालेकसाच्या खेड्यातून निघणाऱ्याला त्याआधीचा प्रवास वेगळाच. उपचार थांबले की रोगी गावी परततो, आणि घर हेच रुग्णालय होते.

अशा घरात काय शिकवायचे? गालाची जखम उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने रोज धुवावी. दुर्गंधी येत असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकावी. गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीतून गाळलेली पेज किंवा वरणाचे पाणी सावकाश द्यावे, त्या वेळी रोग्याला टेकून बसवावे आणि नंतरही अर्धा तास आडवे करू नये. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी लागते. सोबत पोट साफ होण्याचे औषध द्यावेच लागते. या साध्या गोष्टी ठाऊक झाल्या की दुर्गंधीमुळे दूर राहणारी नातवंडे पुन्हा खाटेजवळ येऊन बसतात.

सांभाळणारी बहुधा बायको किंवा सून असते. रोवणीच्या दिवसांत तिची मजुरी बुडते, रात्रीची झोप जाते, आणि तिची विचारपूस कुणी करत नाही. ‘त्यांना सांगू नका’ अशी विनंती घरचे डॉक्टरांना करतात. रोग्याला मात्र बहुतेकदा सारे कळलेले असते, आणि दोन्हीकडची माणसे एकमेकांपासून रडणे लपवत राहतात. हे मौन मोडायला मदत करणे, निराधार योजनेचा अर्ज भरून देणे, मृत्यूनंतर पुन्हा त्या घरी जाऊन बसणे, हाही सेवेचाच भाग आहे.

२०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेतील आरोग्यवर्धिनी केंद्रांच्या बारा सेवांत परिहारक सेवेचा समावेश आहे. घरात असा रोगी असल्यास आशा सेविकेकडे त्याचे नाव नोंदवावे आणि जवळच्या केंद्रात ही सेवा हक्काने मागावी.