पाणी कोणाच्या नावावर आले?

परकीय मदतीचा विषय निघाला की आपल्याकडे दोन सूर ऐकू येतात, एक कृतज्ञतेचा आणि दुसरा संशयाचा. दोन्ही सूर लावणाऱ्यांच्या नावावर बहुधा सात-बारा असतो. देणाऱ्याचा हेतू काय होता, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांपुरता एक साधा प्रश्न विचारणार आहे : मदतीच्या कागदावर घेणाऱ्याचे नाव कसे लिहिले होते? माणूस म्हणून, जात म्हणून, की हेक्टर म्हणून?

आरंभ केडगावपासून करतो. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनासाठी १८८७ साली बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि दहा वर्षांच्या मदतीचे वचन मिळाले. ही मदत ज्या पुस्तकाच्या बळावर उभी राहिली त्याच्या नावातच उच्चवर्णीय हिंदू स्त्री आहे. म्हणजे पैसा जमला तो जातीच्या नावाने. रमाबाईंना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेचे दुःख खोटे नव्हते. पण त्याच काळी गावाबाहेरच्या स्त्रीच्या नावाने बोस्टनमध्ये सभा भरत नव्हत्या. पुढे १८९६-९७ आणि १९००च्या दुष्काळांनी ते दार मोडले. उपाशी मुली जात विचारून येत नसतात. मध्य प्रांतातून, गुजरातेतून आणलेल्या मुलींनी मुक्ती सदन भरले.

केडगावची आणखी एक गोष्ट आजच्या ‘शाश्वत विकास’वाल्यांनी ध्यानात घ्यावी. दहा वर्षांची मुदत १८९८ साली संपणार हे रमाबाईंना ठाऊक होते. म्हणून त्यांनी आधीच केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळबाग लावली. परक्याचा पैसा थांबल्यावर आपल्या पायावर उभे राहायचे तर पायाखाली जमीन हवी, हे त्यांनी अर्थशास्त्र न शिकता ओळखले.

शिरूरला, म्हणजे जुन्या घोडनदीला, अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. तेथे रेव्हरंड विन्सर यांनी उद्योगशाळा चालवली. सुतारकाम होते, घायपाताच्या वाखाचे काम होते. मिशनकडे वळलेले लोक बहुतेक महार-मांग. वाख काढणे आणि दोर वळणे हा मांगाचा पिढीजात धंदा. तोच शाळेच्या छपराखाली आला आणि त्याला उद्योगशिक्षण हे नाव मिळाले. तरीही मी याला थट्टेवारी नेणार नाही. बलुत्यात दोर दिला की सुगीला खळ्यावर हात पसरावा लागे; येथे कामाबरोबर अक्षर मिळत होते. त्याची किंमत धर्मांतराच्या रूपाने मागितली गेली, हेही खरे. पण गावाने तरी फुकट काय दिले होते?

स्वातंत्र्यानंतर मदत धान्याच्या पोत्यांतून आली. १९५१ साली अमेरिकेने गव्हासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले. १९५६ साली पी.एल. ४८० खाली करार झाला. गाजर गवत याच गव्हातून आले, असे आजही गावोगाव सांगतात. पुण्यात हे गवत १९५५-५६च्या सुमारास प्रथम नोंदले गेले; करार ऑगस्ट १९५६चा. तेव्हा सारा दोष त्या एका करारावर टाकता येत नाही. पण लोकांच्या स्मरणात मदत आणि तण एकत्र रुजले, याला काही अर्थ आहेच.

मग १९७२. पिवळट-लाल मिलो आणि सुकडी आजही म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. मे १९७३मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. खडीच्या ढिगावर सवर्ण कुणबी आणि महार-मांग शेजारी बसले. दुष्काळाने सगळे सारखे केले, असे त्या वेळी अनेकांनी लिहिले. पाण्याच्या ठिकाणी मात्र ही समता संपत होती. म्हणून तर त्याच सुमारास डॉ. बाबा आढावांना ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम काढावी लागली. मिलो सगळ्यांच्या पोटात एकच गेला. घागर वेगळीच राहिली.

या दुष्काळातून भूमिहीनाला लाभलेली मोठी वस्तू म्हणजे रोजगार हमी. तिचा कायदा १९७७चा. तिच्यासाठी पैसा वॉशिंग्टनहून आला नाही. शहरातल्या पगारदारांवरच्या व्यवसाय करातून आला. मजुराला माणूस म्हणून मोजणारी ती योजना. त्यातही गंमत पाहा : हातांना मजुरी मिळाली, पण पाझर तलाव बांधून झाल्यावर पाझरला तो शेजारच्या विहिरवाल्याच्या शेतात.

आता कालव्याकडे येऊ. मुठेचा उजवा कालवा इंग्रजांच्या काळीच पाटसकडे पोहोचला होता. शिरूर तालुक्यात चिंचणीजवळ घोड धरण १९६५ साली झाले. १९७७पासून महाराष्ट्राच्या मोठ्या पाटबंधाऱ्यांसाठी जागतिक बँकेचे कर्ज येऊ लागले. त्यात कुकडी होती आणि भीमाही. कुकडीच्या लाभक्षेत्रात शिरूर आले. भीमेवर उजनी १९८०मध्ये पूर्ण झाले. तिचे पाणी मुख्यतः सोलापूरकडे गेले आणि दौंडच्या काठच्या गावांच्या वाट्याला बुडीत आले. कर्ज मात्र सगळ्यांच्या नावावर. ते फेडणाऱ्या करात मिठाच्या पुडीपासून काडेपेटीपर्यंत भूमिहीनाचाही वाटा होता.

बँकेच्या आणि सरकारच्या कागदांत लाभ मोजला जातो तो हेक्टरांत. ज्याच्याकडे हेक्टर नाही त्याला लाभ मोजण्याचे मापच नाही. पाणी आले, ऊस आला, दौंडच्या गुऱ्हाळांची चुलवणे पेटली. आमच्या माणसाला काय आले? चुलवणात पाचट सारण्याचे काम. मजुरीचे दिवस वाढले, हे मी नाकारत नाही. पण पाट वस्तीच्या कडेने वाहतो आणि वस्ती टँकरची वाट बघते, हे दृश्य मी या दोन्ही तालुक्यांत पाहिले आहे.

आमच्याकडे जमीन अगदीच नव्हती असे नाही. महार वतनाची होती. ज्या वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल मांडले, ते १९५८च्या कायद्याने गेले. कब्जाहक्काची रक्कम भरणाऱ्याला जमीन परत मिळायची, तीही नव्या शर्तीने. ज्याला ती भरता आली नाही, किंवा ज्याने अडीनडीला कच्च्या कागदावर अंगठा दिला, त्याच्या तुकड्याला पाणी लागले तेव्हा तो दुसऱ्याच्या वहिवाटीत होता. कोरडी असताना जी जमीन कोणी विचारत नव्हते, पाट येणार म्हटल्यावर तिला गिऱ्हाईक आले.

दुसरी वाट नव्हती काय? बाबासाहेबांनी १९४७च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये ती लिहून ठेवली आहे. शेतजमीन राज्याच्या मालकीची, ती जातिपंथाचा भेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक कसण्यासाठी द्यायची, आणि पाणी, बियाणे, अवजारे राज्याने पुरवायची. तेथे पाणी मालकाच्या मागे जात नाही, कारण मालकच नाही. ते फार दूरचे वाटत असेल तर शेजारच्या पुरंदरकडे पाहा. नायगावला १९७४पासून विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे, उसाला बंदी, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. साळुंखे काही दलित चळवळीतले नव्हते, इंजिनियर होते. पण पाणी माणसे मोजून वाटता येते, हे त्यांनी दौंडच्या लगतच्या तालुक्यात करून दाखवले. ही गोष्ट कर्जदारांना आणि सरकारला ठाऊक नव्हती, असे कोणी म्हणू नये.

तरी २००५ साली काय झाले? महाराष्ट्राच्या जलक्षेत्र सुधारणेसाठी जागतिक बँकेने ३२.५ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्याच वर्षी सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला आणि पाणी वापर संस्था निघाल्या. लोकसहभाग हा शब्द त्या कागदांत जागोजाग आहे. सभासद मात्र लाभक्षेत्रातला जमीनधारक किंवा भोगवटादार. २०१५ साली राष्ट्रसंघाने शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे जाहीर केली, कोणालाही मागे ठेवायचे नाही अशी प्रतिज्ञा केली. शाळा-कॉलेजांतून ती उद्दिष्टे रंगीत चौकोनांत भिंतीवर लागली आहेत.

शिरूर-दौंडमधल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझे एक सांगणे आहे. आपापल्या गावच्या पाणी वापर संस्थेची सभासद यादी मागून घ्या. शेजारी ग्रामपंचायतीची मतदार यादी ठेवा. दुसरीत असलेली कोणकोणती घरे पहिलीत नाहीत, ती आळीवार लिहून काढा, आणि त्यांच्या आजोबांच्या नावावर वतनाचा तुकडा होता का, ते तलाठ्याच्या जुन्या फेरफारांत शोधा.